नकाशा आधी दिसायचा, बोलायला नंतर लागला

"ज्याला ऐकूच येत नाही, तो गाडी काय चालवणार?" हा प्रश्न आपल्याकडे पारावर बसून कुणीही विचारतं. आता त्याला शेपूट जोडलंय: "मॅपवाली बाई काय बोलते ते तरी कळणार का त्याला?" मंडळी, या दोन्ही प्रश्नांचा इतिहास जरा बघूया. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या घरातला आहे.

सुरुवात कायद्यापासून. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याला एक परिशिष्ट होतं. कुणाला परवाना द्यायचा नाही त्याची यादी त्यात होती. नेहमीचे ध्वनी-इशारे ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा, हे त्यातलं एक कलम. इंग्रज गेले, १९८८ ला नवा कायदा आला, १९८९ ला नियम आले. पण डॉक्टरांच्या दाखल्याच्या फॉर्म १-अ मध्ये जवळपास त्याच शब्दांत तोच प्रश्न पुन्हा छापला गेला. पन्नास वर्षांत रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, वाक्य मात्र तिथंच राहिलं.

गंमत बघा. ट्रकच्या मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला आपल्याच महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी घातली. कारण काय, तर त्यानं विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. म्हणजे एकीकडं हॉर्न वाजवू नका म्हणायचं आणि दुसरीकडं हॉर्न ऐकू येत नाही म्हणून माणसाला अडवायचं.

आता नकाशाकडं येऊ. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीनं गाडीत बसवायचं एक यंत्र आणलं. छोट्या पडद्यावर पारदर्शक नकाशा सरकवायचा आणि गाडी कुठं आहे ते ठिपक्यावरून बघायचं. १९८५ ला अमेरिकेत इटॅक कंपनीचं यंत्र आलं. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर असायचे. हिरव्या रेघांचा पडदा, गाडी मधोमध आणि वळाल तसा नकाशा फिरणार. उपग्रहाची मदत नव्हती. चाकं किती फिरली आणि होकायंत्र काय सांगतं यावर सगळा हिशोब. या दोन्ही यंत्रांत रस्ता डोळ्यानं बघायचा होता.

बोलणारा नकाशा त्यानंतरचा. १९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'बॅक सीट ड्रायव्हर' नावाचा प्रयोग झाला, त्यात संगणक वळणं बोलून सांगायचा. पुढं मे २००० मध्ये अमेरिकेनं सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि गाडीची जागा नेमकी कळू लागली. मग मोबाइल आला आणि मॅपवाली बाई घराघरांत पोचली. बोलण्याचा हेतू चांगलाच होता, चालकाची नजर रस्त्यावर राहावी. पण त्यामुळं आवाज हाच मुख्य रस्ता आणि पडदा दुय्यम, असा समज रुजला.

हा समज आपल्या भागाला महागात पडतो. शेजारच्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून तिथली खडखड थांबलेली नाही. कायद्यात आवाजामुळं येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. हुपरीत चांदीवर आयुष्यभर हातोडी चालवणारेही आहेत. असा बहिरेपणा हळूहळू येतो. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त अशी अक्षरं. माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही. त्यात इंजिनाची घरघर. आवाज वाढवला तरी उपयोग नाही, कारण पुसट झालेलं अक्षर मोठं केलं तरी पुसटच राहतं. मग चांदीचा माल घेऊन परगावी निघालेला माणूस कागलजवळ हायवेला लागताना चुकीच्या बाजूला वळतो आणि घरचे म्हणतात, "आता गाडी बंद करा, बाबा."

कायदा मात्र पुढं सरकलाय. राष्ट्रीय बधिर संघटनेच्या याचिकेवर फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कर्णबधिरांना परवान्याच्या चाचणीचा मार्ग मोकळा केला. २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की केवळ ऐकू येत नाही म्हणून परवाना अडवू नका. आधार होता एम्सच्या तज्ज्ञांच्या मताचा: गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनीही रस्ता शोधण्यापुरता मोबाइलचा वापर मान्य केलाय, अर्थात लक्ष विचलित न होता.

ऐकू न येणारा माणूस पत्ता शोधू शकतो का, याचं उत्तर मुंबईनं दिलंय. २००९ मध्ये ध्रुव लाकरा यांनी 'मिरॅकल कुरिअर्स' सुरू केली. तिथं कुरिअर पोचवणारे कर्णबधिर तरुण. ते लोकलनं फिरतात, कामाचे निरोप एसएमएसवर घेतात आणि मुंबईच्या गल्लीबोळांतला पत्ता हुडकून काढतात. तेही आवाजाशिवाय.

यंत्रालाही हे जमतं. ॲपल वॉचनं २०१५ मध्ये मनगटावर टकटक करून डावं-उजवं वेगळं सांगायची सोय आणली. तेवढं महागडं घड्याळ नको. मोबाइल मांडीवर न ठेवता स्टँडला, नजरेच्या रेषेत लावा. निघायच्या आधी सगळा रस्ता एकदा बघून मोठी वळणं लक्षात ठेवा. चालू गाडीत पडद्याशी खेळू नका, गरज पडली तर बाजूला थांबा. श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर आवाज थेट कानात घ्या.

बाकीचं काम सार्वजनिक आहे. चौकात वाचता येईल असा फलक हवा, उसाच्या हंगामात तो ट्रॉल्यांच्या आड जाऊ नये इतका उंच. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून कित्येक जण बहिरेपणा लपवतात, कानही तपासून घेत नाहीत. लपवू नका. कुणी तोंडी "जमणार नाही" म्हणालं तर अर्ज द्या आणि कारण लेखी मागा. २०११ आणि २०१६ ही दोन सालं लक्षात ठेवा.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर ही पोस्ट त्यांना वाचायला द्या. ऐकवू नका, वाचायलाच द्या.