छापखाना आणि प्रकाशन : आयकरात 'उत्पादक' म्हणून सवलत मिळते का? जाणून घ्या नियम

तालुक्याच्या गावी ऑफसेट मशीन टाकून पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं छापणारे अनेक जण आहेत. काही जण स्वतः प्रकाशनही करतात. 'आपण माल तयार करतो, मग कारखान्यासारखी करसवलत आपल्याला का नाही?' असा प्रश्न त्यांना पडतो. त्याचं थोडक्यात उत्तर असं : छपाई करत असाल तर एक सवलत मिळते, नुसतं प्रकाशन करत असाल तर मिळत नाही.

छपाई म्हणजे उत्पादन आहे का?

हो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रक क्र. १५ मध्ये छपाई किंवा छपाईसह प्रकाशन हा व्यवसाय उत्पादनात धरला आहे. त्यामुळे नव्या मशीनवर कलम ३२(१)(iia) नुसार जादा घसारा घेता येतो.

किती फायदा होतो?

समजा, १० लाखांचं नवं मशीन घेतलं. नेहमीचा घसारा १५ टक्के म्हणजे दीड लाख. जादा घसारा २० टक्के म्हणजे २ लाख. पहिल्या वर्षी एकूण साडेतीन लाख रुपये नफ्यातून वजा होतात. मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर दोन्ही घसारे निम्मे मिळतात. जादा घसाऱ्याचा उरलेला निम्मा भाग पुढच्या वर्षी घेता येतो.

कोणाला मिळत नाही?

- जुनं, सेकंडहँड मशीन घेणाऱ्याला. गावाकडे बहुतेक मशीन अशीच येतात, म्हणून बिल नीट बघा.
- नव्या करप्रणालीत असलेल्या व्यक्तीला.
- कलम ४४एडी खाली अंदाजे नफा दाखवणाऱ्याला. तिथे उलाढालीच्या ८ टक्के (बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा धरतात. घसारा त्यातच आला असं मानलं जातं.
- बाहेरून छापून घेणाऱ्या प्रकाशकाला, कारण मशीनच त्याचं नसतं.

मग जुन्या प्रणालीत जावं का?

घाई करू नका. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला धंद्याच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. तुमचा नफा त्याच्या आत असेल तर जादा घसाऱ्याच्या मागे लागून हाती काही येणार नाही. भागीदारी फर्मचं गणित वेगळं आहे. फर्मला सरसकट ३० टक्के कर असतो आणि हा रिबेट नसतो. त्यामुळे नवं मशीन घेणाऱ्या फर्मला ही सवलत खरी उपयोगाची.

१५ टक्के कराची योजना?

नव्या उत्पादक कंपन्यांसाठी कलम ११५बीएबी आलं, पण त्यातून पुस्तकांची छपाई नाव घेऊन वगळलेली आहे. त्यामुळे 'कंपनी काढा, १५ टक्केच कर लागेल' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उद्यम नोंदणीत 'उत्पादन' लिहिलंय, ते चालेल?

उद्यम नोंदणीत छपाई (कोड १८) उत्पादनात आणि प्रकाशन (कोड ५८) सेवांमध्ये येतं. नोंदणी मोफत आहे, जरूर करा. पण त्या प्रमाणपत्रावर आयकराची सवलत ठरत नाही. जीएसटीचा हिशेबही वेगळा : ग्राहकाने मजकूर दिला आणि तुम्ही पुस्तक छापून दिलं, तर तिथे ती सेवा धरली जाते.

लेखकांसाठी

पुस्तकाच्या रॉयल्टीवर कलम ८०क्यूक्यूबी खाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे, तीही फक्त जुन्या प्रणालीत. शालेय पाठ्यपुस्तकं, गाइड आणि नियतकालिकं यात बसत नाहीत.

चुकीचा दावा केला तर?

उत्पन्न कमी दाखवलं तर बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंड लागू शकतो. खोटी माहिती देऊन केलं असेल तर २०० टक्के. म्हणून मशीनचं बिल, बसवल्याची तारीख आणि बँकेतून पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. रिटर्न भरण्याआधी हे कागद सीएला दाखवा.

(वरील कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.)