एका चौकटीत न मावणारा संगम

कऱ्हाडच्या घाटावर उभे राहिले की डावीकडून कृष्णा येते, उजवीकडून कोयना येते, आणि समोरासमोर भेटून दोघींचे पाणी पूर्वेला वळून सांगलीच्या वाटेला लागते. हाच प्रीतिसंगम. डोळ्यांना तो एका दमात दिसतो, कॅमेऱ्याला मात्र दिसत नाही. १९७८ च्या हिवाळ्यात साताऱ्याहून कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा हे मला कळले.

अडचण तशी जुनीच. एडिंबरोत राहणाऱ्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये चौफेर देखाव्याच्या चित्राचे पेटंट घेतले. पुढे १८४८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचा नदीकाठ चांदीचा मुलामा दिलेल्या आठ तांब्याच्या पत्र्यांवर उतरवला गेला. पत्रे शेजारी शेजारी मांडले की काठ सलग दिसे.

मीही तेच केले, फक्त काळ्यापांढऱ्या फिल्मवर. दुपार कलल्यावर, ऊन पाठीशी घेऊन, तिपाई पाणसळीत बसवली. कॅमेरा उभा धरून तीन चित्रे घेतली. प्रत्येक चित्रात शेजारच्या चित्राचा तिसरा हिस्सा पुन्हा घ्यायचा, म्हणजे सांधा जुळतो. घाटाच्या जवळच्या पायऱ्या टाळल्या, कारण कॅमेरा फिरवताना जवळच्या वस्तू जागा बदलतात आणि सांध्यावर फसवतात. भिंगावर पिवळी काच लावली, नाहीतर आभाळ कोऱ्या कागदासारखे उतरते. उजेडाचे माप तिन्ही वेळा एकच ठेवले.

वाचकहो, जिल्ह्यांचेही असेच असते. १९४९ मध्ये सातारा कापून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर सीमा पडली. पण सोयरिकी, बाजार आणि नदी हा सामाईक हिस्सा दोन्हीकडे राहिलाच. माझी ताईच सांगलीला दिलेली. जोडलेले चित्र मी तिला दिले होते. पुढे मधली निगेटिव्हही तिने मागून नेली, मोठी करून घ्यायला. माहेरचे पाणी आपल्याकडे निघालेले तिला पाहायचे होते.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला. ताईच्या घरात पाणी शिरले. माणसे सुखरूप राहिली, चित्र आणि निगेटिव्ह दोन्ही गेली.

साताऱ्याला उरलेल्या दोन निगेटिव्ह मी उजेडावर धरल्या. मधल्या चित्राचा डावा हिस्सा एकीत होता, उजवा दुसरीत. हरवला होता तो फक्त मधला पट्टा, जिथे दोन्ही पाणी एक होऊन निघते तेवढाच. दोन्ही छापून मध्ये तेवढी जागा कोरी ठेवली आणि दिवाळीला सांगलीस नेले.

नवीन चित्र काढून जोडून देऊ का, म्हणून ताईला विचारले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "राहू दे रे. तेवढे पाणी मी रोज घाटावर बघतेच की!"