सैनिकाची झोळी

सैनिकाच्या खांद्यावरून कमरेशीं लोंबणाऱ्या झोळीस इंग्रजींत ‘हॅव्हरसॅक’ म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मन. ‘हाफर’ म्हणजे ओट नांवाचें धान्य आणि ‘झाक’ म्हणजे पिशवी. जर्मन घोडेस्वार घोड्याचा दाणा जींत नेई ती ही पिशवी. म्हणजे मराठी शिलेदाराचा तोबराच म्हणावयाचा. फ्रेंच सैनिकाच्या झोळीचें नांव ‘म्युझेट’, आणि घोड्याच्या तोंडाला बांधावयाच्या तोबऱ्यालाही फ्रेंच भाषेंत हाच शब्द आहे. अमेरिकन सैन्यानें १९३६ सालीं अधिकाऱ्यांसाठीं जी कॅनव्हासची पिशवी ठरविली, तिलाही लोक ‘म्युझेट बॅग’च म्हणत. घोडा गेला, दाणा गेला, तोबरा मात्र माणसाच्या खांद्यावर राहिला.

आज शहरांतील दुकानांत ‘टॅक्टिकल शोल्डर बॅग’ या नांवानें जी पिशवी मिळते, ती याच घराण्यांतली. रोज कचेरींत जातांना आणि आठवड्यांतून एखादे दिवशीं नेमबाजीच्या मैदानावर जातांना एकच पिशवी पुरावी, अशी घेणाराची इच्छा असते. तो दुकानांत उभा राहून कप्पे मोजतो. सोळा कप्प्यांची पिशवी दहा कप्प्यांच्या पिशवीहून चांगली, असा त्याचा हिशेब. वास्तविक कप्प्यांची संख्या हा या पिशवीच्या इतिहासांतला सर्वांत क्षुल्लक भाग होय. झोळी घडत गेली ती दोन प्रश्नांवरून: कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं ठेवूं नये, आणि अंधारांत, घाईंत, भीतीनें थरथरणाऱ्या हाताला कोणती वस्तु प्रथम सांपडली पाहिजे. या प्रश्नांचीं उत्तरें रणांगणावर मिळालीं, आणि त्यांची किंमत सैनिकांनीं दिली.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, उत्तरेकडील शिपायाला काळें रोगण दिलेली, पाणी सहसा न शिरणारी कॅनव्हासची झोळी मिळे. तींत तीन दिवसांचा शिधा असे: दगडासारखीं कडक बिस्किटें, मीठ लावलेलें डुकराचें मांस आणि कॉफी. मांसाची चरबी पाझरून झोळी तेलकट होई व तिला दुर्गंधी सुटे. म्हणून आंत साध्या सुती कापडाची दुसरी पिशवी गुंड्यांनीं अडकविलेली असे. ती सोडवून धुतां येई. युक्ति साधी, परंतु मोठी शहाणपणाची. काडतुसांची जागा या झोळींत नव्हती. त्यांसाठीं निराळी चामड्याची पेटी, आपल्याकडील शिपाई जिला तोसदान म्हणत ती, असे. आंत पत्र्याचे कप्पे आणि त्यांत चाळीस काडतुसें. काडतूस कागदी, तें दांतानें फाडून दारू नळींत ओतावयाची. (दांतानें फाडण्याच्या याच रीतीमुळें १८५७ सालीं हिंदुस्थानांत चरबीच्या काडतुसांवरून केवढा आगडोंब उसळला, हें सर्वश्रुत आहे.) कागदाला ओल लागली कीं दारू वायां जाई. तेव्हां अन्नाची झोळी उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला, आणि तोसदान डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला. छातीवर दोन पट्ट्यांची फुली पडे, पण घांस आणि गोळी यांची गांठ पडत नसे.

पुढें कागदी काडतुसें जाऊन धातूचीं आलीं, आणि चामड्याशीं नवेंच वैर उत्पन्न झालें. कमावलेल्या चामड्यांतील द्रव्यांनीं तांब्यापितळेवर हिरवा कळंक चढे, आणि तसें काडतूस बंदुकींत अडकून बसे. अँसन मिल्स या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें यावर उपाय म्हणून काडतुसांचीं घरें असलेला, मागावर विणलेला जाड सुती पट्टा काढला. हा सुती पट्टा इंग्लंडांत पोंचण्यास बोअर युद्ध घडावें लागलें. १८९९ ते १९०२ पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या माळावर इंग्रज शिपाई पोटावर सरपटत लढले, आणि चामड्याच्या पेट्यांतून त्यांचीं काडतुसें गवतांत सांडत गेलीं. पाऊस लागला कीं चामडें प्रथम ताणे आणि वाळल्यावर लांकडासारखें होई. युद्धानंतर १९०३ सालीं पुन्हा चामड्याचाच एक साज देऊन पाहिला. तो कोणास आवडला नाहीं. अखेर मेजर बरोज यांनीं आंखलेला आणि मिल्स यांच्या विणींत तयार झालेला १९०८ चा सुती साज इंग्रजी पायदळानें स्वीकारला.

हा साज मुळांतून पाहण्यासारखा आहे. समोर दहा पाकिटें, प्रत्येकांत पंधरा, म्हणजे एकूण दीडशें काडतुसें. एवढ्या दारूगोळ्याचें वजन सुमारें चार किलो. मागें पाठीवरील पोतें, डाव्या कमरेला झोळी, उजव्या कमरेला पाण्याची बाटली. सर्व भाग एकमेकांस असे जोडलेले कीं शिपायानें समोरचा पट्टा सोडला म्हणजे अंगरख्यासारखा सगळा साज एकदम उतरे, आणि तसाच एकदम चढे. पुढील भाराला मागील भार तोलून धरी. ज्यांच्या घरीं वडिलांच्या काळची पडशी असेल त्यांना हें तत्त्व निराळें सांगावें लागणार नाहीं. मध्यें तोंड असलेली पडशी खांद्यावर टाकली म्हणजे एक गांठोडें पुढें आणि एक मागें येतें, आणि कोसभर चालूनही मान आंखडत नाहीं. आजच्या एकखांदी पिशवींत हा तोल मुळींच नसतो. सारा भार एका बाजूस ओढतो. म्हणून तिचा पट्टा रुंद असावा आणि ती आकारानें लहान असावी. मोठी घेतली कीं ती भरल्याविना राहत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे.

१९१५ च्या २२ एप्रिल रोजीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मनांनीं क्लोरीन वायु सोडला. चार दिवसांनीं हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर झुंजली. वायूनें घेरलेल्या स्थितींत सहकाऱ्यांस वांचविणाऱ्या जमादार मीर दस्त यांस तेथेंच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वेळीं शिपायांजवळ वायूपासून बचावाचें साधन म्हणजे ओल्या कापडाचा बोळा. पुढें औषधी पाण्यांत भिजविलेली फ्लॅनेलची पिशवी आली. ती डोक्यावरून ओढून गळ्याशीं खोंचावयाची. १९१६ सालीं मात्र ‘स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर’ नांवाचें खरें यंत्र निघालें. त्यांत एक डबा, त्या डब्यांत कोळसा आणि रसायनें. डब्यापासून रबराची नळी मुखवट्यापर्यंत. ज्या चौकोनी झोळींत हें सर्व असे तिचे दोन भाग होते, एक डब्याचा आणि एक मुखवट्याचा. मुखवटा चढविला तरी डबा झोळींतच राही, आणि शिपाई झोळींतून श्वास घेई. पिशवी हा त्या यंत्राचा एक अवयवच होता.

एरवीं ही झोळी कमरेला असे. आघाडी जवळ आली कीं तिचा पट्टा आंखूड करून ती छातीवर घ्यावयाची आणि दोरीनें अंगाला बांधावयाची. घंटा वाजली म्हणजे वायु येऊन पोंचण्याच्या आंत मुखवटा तोंडावर गेला पाहिजे. म्हणून डोळे मिटून, रात्रीं, चिखलांत त्याची कवाईत होई. झोळींत दुसरें कांहीं ठेवूं नये, अशी ताकीद असे. विड्यांचें पाकीट किंवा पावाचा तुकडा आंत असला आणि हात त्याला अडखळला, तर तेवढ्यानें प्राण जाई. एका झोळींत एकच काम, हा नियम इतक्या कठोरपणें दुसऱ्या कोणत्याही पिशवीला लागू झालेला दिसत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत युरोपच्या रणभूमीवर वायु कोणी सोडला नाहीं. तेव्हां पुष्कळ शिपायांनीं मुखवटे टाकून दिले आणि रिकाम्या झोळींत स्वतःच्या वस्तु भरल्या. युद्ध संपल्यावर त्याच झोळ्या स्वस्तांत विकल्या जाऊन विद्यार्थ्यांच्या आणि मासे धरणाऱ्यांच्या खांद्यावर गेल्या. लष्करी पिशवी नागरिकाच्या रोजच्या वापरांत शिरली ती अशी. व्हिएटनामच्या युद्धांतही हेंच झालें. अमेरिकन सैन्याचा ‘क्लेमोर’ सुरुंग दोन कप्प्यांच्या एका साध्या कापडी पिशवींत येई. एकांत सुरुंग आणि दुसऱ्यांत तार व चाप. सुरुंग लावून झाला कीं पिशवी फेंकून देण्याची. शिपायांनीं ती फेंकली नाहीं. बंदुकीचीं मॅगझिनें ठेवण्यास ती त्यांना उत्तम वाटली, कारण ती हलकी होती, खांद्यावरून झटकन् पुढें येई, आणि मॅगझिन कोठें आहे तें चांचपतांच कळे. आजच्या खांदेपिशवीची खरी आजी शोधावयाची तर ती हीच फुकटची पिशवी.

त्याच युद्धांत सुती साज ओलाव्यानें कुजतो म्हणून त्याची जागा नायलॉननें घेण्यास सुरुवात केली. हल्लीं दुकानदार कापडाचें माप ‘डेनिअर’मध्यें सांगतो, नऊ हजार मीटर धाग्याचें ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. हजार डेनिअरचें कापड दणकट, पाचशेंचें हलकें. रोजच्या वापरास पाचशें पुरतें. पिशवीवर शिवलेल्या इंच इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या अमेरिकन सैन्यानें १९९७ च्या सुमारास आणल्या, जादा पाकिटें अडकविण्यासाठीं. कचेरींत जाणाराच्या पिशवीवर त्या केवळ शोभेच्या, आणि चोराला ‘येथें कांहींतरी मोलाचें आहे’ असें सांगणाऱ्या. चिकटपट्टीनें, म्हणजे ‘वेल्क्रो’नें, बंद होणारें झांकण उघडतांना कर्र आवाज करतें आणि त्यांत धूळ भरते, अफगाणिस्तानच्या धुळींतून गेल्यावर अमेरिकन सैन्यानेंच गणवेषाच्या कांहीं खिशांवर पुन्हा गुंड्या लावल्या. चांगली चेन असावी हें बरें.

परंतु पट्टी आणि चेन या गौण गोष्टी होत. वस्तु चटकन् हाताला लागावी, या गुणाचीच दुसरी बाजू फार भयंकर आहे. २०१४ च्या ३० डिसेंबरला अमेरिकेंतील आयडाहो राज्यांत हेडन या गांवीं एक तरुण स्त्री मुलांबरोबर खरेदीस गेली होती. तिच्यापाशीं पिस्तूल ठेवण्यासाठीं चेनीचा स्वतंत्र कप्पा असलेली पर्स होती. तिचा दोन वर्षांचा मुलगा दुकानांतील ढकलगाडींत बसलेला. पर्स त्याच्या हाताशीं. त्यानें ती चेन उघडली, आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीनें आई जागच्या जागीं गतप्राण झाली. ती शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेली आणि बंदुकींशीं परिचित अशी स्त्री होती. १९१६ चा शिपाई झोळी छातीशीं बांधून घेत होता. म्हणून जो हात तिच्यांत जाई तो त्याचाच असे. खांद्यावरची पिशवी मात्र खुर्चीवर ठेवली जाते, गाडींत राहते, हिसकावली जाते. कारागिरानें कप्पा कितीही उत्तम केला तरी तो कोणाचा हात आंत आला तें ओळखीत नाहीं. ज्या देशांत असें शस्त्र बाळगण्याची मुभा आहे तेथील जाणते शिक्षकही याच कारणास्तव शस्त्र पिशवींत न ठेवतां अंगावर, घोडा झांकणाऱ्या म्यानांत ठेवण्यास सांगतात. मैदानावर नेतांना तें रिकामें करून कुलुपाच्या पेटींत न्यावें, काडतुसें वेगळीं ठेवावीं. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून बंदूक जवळ ठेवणेंच गुन्हा आहे.

राहिला घांस आणि गोळीचा प्रश्न. गोळी शिशाची असते, आणि बहुतेक काडतुसांच्या टोपींतील स्फोटक द्रव्यांतही शिसें असतें. बार उडाला कीं त्याची बारीक धूळ हातांवर, बाह्यांवर आणि पिशवीच्या अस्तरावर बसते. शिसें पोटांत गेलें असतां सर्वांसच अपाय करतें, लहान मुलांच्या मेंदूस विशेष. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरींत नेमबाजीचें मोठें केंद्र आहे; २०२४ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविल्यापासून या खेळाचें नांव खेड्यांतील घरांतही पोंचलें. शाळकरी मुलें हवेच्या रायफलीवर शिकतात. तींत दारू नसली तरी तिचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे बहुधा शिशाचेच असतात. त्या छऱ्यांची डबी, हातरुमाल आणि आईनें दिलेला पोळीभाजीचा डबा हीं एकाच पिशवींत गेलीं, आणि संध्याकाळीं ती पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन पडली, तर दीडशें वर्षांपूर्वीं अमेरिकन शिपायाला उमगलेली गोष्ट आपण विसरलों असें होईल. शक्य तर मैदानाची पिशवी आणि रोजची पिशवी निराळ्या ठेवाव्या. एकीवरच भागवावयाचें असेल, तर जिचें अस्तर सुटें होतें आणि निराळें धुतां येतें तीच घ्यावी. अशी पिशवी न मिळाल्यास जाड मांजरपाटाची एक थैली शिंप्याकडून बेतून आंत घालावी. छर्रे, कानांचीं बोंडें आणि चष्मा तींत, डबा तिच्या बाहेर. आणि परत आल्यावर थैली घरच्या कपड्यांत न मिसळतां वेगळ्या बादलींत भिजवावी.