शाहिराचा उपयोग : पोवाड्यापासून रत्नागिरीच्या शक्ती-तुऱ्यापर्यंत

मराठीतला सर्वांत जुना उपलब्ध पोवाडा अफझलखानाच्या वधावरचा मानला जातो. १६५९ मधल्या त्या प्रसंगावर तो अज्ञानदासाने, म्हणजेच अगिनदासाने, रचला. जिजाबाईंच्या सांगण्यावरून त्याने तो केला आणि घोडा व सोन्याचा तोडा अशी बिदागी मिळवली, असे परंपरा सांगते. तुळशीदासाचा सिंहगडावरचा पोवाडा त्यानंतरचा. छापखाना नाही, वर्तमानपत्र नाही, वाचता येणारी माणसे थोडी; अशा मुलखात डफ-तुणतुण्यावर गायलेला पोवाडा हीच बातमी होती आणि पुढच्या पिढीला तोच इतिहास. शाहीर चौक म्हणे, झीलकरी ‘जी जी’ करत तो उचलून धरत आणि लढवय्यांची नावे ऐकणाऱ्यांच्या तोंडी बसत. राज्यकर्त्यांना या कामाची किंमत कळत होती, हे त्या बिदागीवरूनच दिसते.

गाणाऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न अगदी वेगळ्या ठिकाणीही निघाला आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या साहसखेळात १९७६ पासून ‘बार्ड’ नावाचे पात्र आहे. युरोपातल्या जुन्या भाटांवरून घेतलेले हे पात्र गाण्याने सोबत्यांचे बळ वाढवते आणि जुन्या कथांचे ज्ञान बाळगते. तलवारीत बार्ड योद्ध्याच्या मागे, मंत्रात जादूगाराच्या मागे. म्हणून त्याचा नेमका उपयोग काय, असा वाद खेळाडूंत होत आला. मराठी शाहिराचा इतिहास पाहिला तर त्या वादाचे उत्तर मिळते. शाहिराची खरी गरज लढाई चालू असताना नव्हे, ती संपल्यावर लागते.

उत्तर पेशवाईतला शाहीर प्रभाकर जनार्दन दातार मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. पुण्यात नाव कमावलेल्या या कोकणी शाहिराने सवाई माधवरावांची रंगपंचमी आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई गायली. १८१८ मध्ये राज्य बुडाले त्याची हळहळही त्यानेच गायली. तारखा आणि सैन्याचे आकडे यांसाठी अशा रचनांवर विसंबू नये. मात्र राज्य गेल्यावर लोकांना काय वाटले, हे कागदपत्रांपेक्षा त्यांतूनच अधिक कळते. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापला. तोवर यांतले कितीतरी पोवाडे फक्त गाणाऱ्यांच्या पाठांतरात होते.

राजाश्रय संपला तरी शाहीर संपला नाही. रत्नागिरीच्या गावांत तो शक्ती-तुऱ्यात टिकून राहिला. हा खेळ जाखडी किंवा बाल्या नाच या नावांनीही ओळखला जातो. देशावरच्या कलगी-तुऱ्याचे हे कोकणी रूप. तिथली कलगी इथे शक्ती झाली. तुकनगीर आणि शाह अली या दोन साधूंना चंदेरीच्या राजाने तुरा व कलगी बहाल केल्याची कथा मध्य भारतात सांगतात, त्यामुळे या परंपरेचा पसारा मराठी मुलखापुरता नाही. तुरेवाले शिवाचा, पुरुषाचा पक्ष घेतात. शक्तीवाले पार्वतीचा, प्रकृतीचा.

गौरी-गणपतीच्या दिवसांत घराच्या अंगणात मृदंग किंवा ढोलकी घेऊन गाणारे मधोमध बसतात आणि पायात घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. मोठा सामना असला की दोन पक्ष आळीपाळीने बारी करतात. आधी गण, मग गौळण, मग सवाल. सवाल बहुधा पुराणातला असतो: अमक्या ऋषीला अमका शाप कोणी दिला, अमक्या अस्त्राचा उगम कशात. समोरच्या शाहिराला त्याच रात्री, भरल्या मांडवासमोर, पद्यात जवाब द्यावा लागतो. त्यासाठी रामायण, महाभारत, नवनाथांच्या कथा मुखोद्गत लागतात. शेतात राबणाऱ्या, शाळेचे तोंड क्वचित पाहिलेल्या कुणबी समाजातल्या माणसांनी हा अभ्यास गुरुपरंपरेने पिढ्यान्पिढ्या सांभाळला, ही रत्नागिरीच्या सांस्कृतिक इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. जिल्ह्याच्या इतिहासात तिला द्यायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरीतून माणसे बोटीने तिकडे गेली. त्यांच्यासोबत जाखडीही गेली. गिरणगावातल्या चाळींत गाववार मंडळे उभी राहिली आणि परळचे दामोदर नाट्यगृह शक्ती-तुऱ्याच्या व नमन-खेळ्यांच्या प्रयोगांसाठी चाकरमान्यांच्या ओळखीचे झाले. पुराणातल्या सवालांच्या जोडीला चालू काळावरची कवनेही आली. खोलीत दहाजणांसह राहणाऱ्या गिरणी कामगाराला आपल्या वाडीचा शाहीर मुंबईच्या रंगमंचावर समोरच्याला निरुत्तर करताना पाहायला मिळे. शहरात त्याला नाव नव्हते, त्या रात्री त्याच्या गावाला ते मिळत असे.

आजही गणपतीत गावोगाव सामने होतात. पण जुन्या शाहिरांची कवने बहुतांशी घरोघरच्या हस्तलिखित वह्यांत आहेत आणि कोकणातल्या पावसात कागद फार दिवस तग धरत नाही. शाळिग्रामांनी पोवाड्यांसाठी जे केले तेच या वह्यांसाठी व्हायला हवे. ज्यांच्या घरी आजोबांची अशी वही असेल, त्यांनी निदान तिची नक्कल करून जवळच्या ग्रंथालयात ठेवावी.