वहाणेचे गाव

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या संस्थानी शहरांत चार-सहा पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतून एकेकाळी बेळगाव-कोल्हापूरकडे एक वेगळेच टपाल येत असे. पत्राच्या पोटात घडी घातलेला कागद, त्यावर पेन्सिलीने रेखलेली पावलाची आकृती आणि बाजूला सूचना : ‘उजवा पाय. अंगठ्याशी सैल हवी. करकर वाजणारी नको.’ आमच्या बेळगावच्या घरी असे कागद येत. वडीलधारी मंडळी ते खिशात घालून बाजारात जात आणि घेतलेला जोड लग्नकार्यासाठी तिकडे निघालेल्या कोणाच्या तरी वळकटीतून रवाना होई. पोच येई, तीत ‘कोल्हापुरी वहाण मिळाली, गावी आल्यासारखे वाटले’ असे एखादे वाक्य हमखास असे.

तो आनंद खरा होता. परंतु पुष्कळ उशिरा आमच्या ध्यानी आले की, ती वहाण अनेकदा कोल्हापुरात झालेलीच नसे. ती अथणी, मदभावी किंवा निपाणीकडच्या एखाद्या कारागिराच्या घरी घडलेली असे, तिची वेणी त्या घरातील स्त्रीने घातलेली असे आणि त्या घरातले बोलणे पुष्कळदा कानडीतून चाले. जी वस्तू आपण आपल्या मुलुखाची खूण म्हणून मिरविली, ती घडविणाऱ्याचे नाव, गाव आणि भाषा यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नव्हते. असे का झाले, याचा थोडा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

वहाण हा शब्द जुना आहे. संस्कृतातील ‘उपानह’ शब्दाचे हे मराठी रूप. कोल्हापूरकडे तिलाच ‘पायताण’ म्हणतात. ‘जोडा’ म्हणजे पाऊल झाकणारे, ‘खडावा’ म्हणजे लाकडी. ‘चप्पल’ हा शब्द आता सर्वांना व्यापून उरला आहे. आपल्या परंपरेत पादत्राणाविषयी दोन परस्परविरोधी भाव नांदत आले. रामाच्या पादुका भरताने सिंहासनावर ठेवल्या, संतांच्या पादुका आपण पालखीतून मिरवितो. आणि त्याच समाजात ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण माणसांना उद्देशून वापरली जाते. पादुका लाकडाच्या वा चांदीच्या असल्या तर पूज्य, रोजची वहाण चामड्याची म्हणून अस्पृश्य. दारात पादत्राणे काढण्याच्या आपल्या रीतीत रस्त्याची धूळ घरात न आणण्याचा विवेक आहे, तसाच चामड्याचा विटाळही आहे. हे दोन्ही धागे वेगळे करून पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

प्रथम ती घडते कशी, ते पाहू. जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या निवळीत ठेवून त्यावरील केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावतात. कातड्याची पिशवी शिवून, तीत सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवण्याची रीत कोल्हापूर भागात रूढ होती. या साऱ्याला कित्येक आठवडे लागत. तळाला म्हशीचे किंवा बैलाचे जाड चामडे, वरच्या नाजूक कामाला शेळीचे. तळ, टाच, दोन बाजूंचे कान, पट्टा, अंगठा आणि वेणी असे तिचे अवयव. अस्सल वहाणेत लोखंडी खिळा नसतो, सारी शिवण चामड्याच्याच वादीची. नवी वहाण चावते, म्हणून तिला तेल पाजावे लागते. मग ती हळूहळू त्या एका माणसाच्या पावलाची होऊन जाते. कापशी, कानवली, पुकरी, बक्कलनाळी ही तिच्या घाटांची नावे. त्यांतील कापशी हे तर गावाचेच नाव आहे.

हे काम एका हाताचे नाही. महाराष्ट्रात कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे आणि शिवण्याचे चांभार समाजाकडे; कानडी मुलुखात समगार समाज हाच व्यवसाय करी. पुरुष तळ कापीत, ठोकीत. वेण्या, गोंडे आणि बारीक शिवण बहुधा स्त्रियांची. त्यांच्या श्रमाची मोजदाद मात्र घरकामातच होई.

या प्रदेशाच्या स्मृतीत वहाणेची एक कथा आठशे वर्षे टिकून आहे. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या अनुयायांत हरळय्या नावाचे शरण होते, जातीने समगार. कथा सांगते की, बसवण्णांनी एकदा त्यांच्या नमस्काराला दोन नमस्कारांनी उत्तर दिले. हे ऋण कसे फेडावे, म्हणून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी वहाणा शिवल्या. त्या पायांत घालण्याची आपली योग्यता नाही, म्हणून बसवण्णांनी त्या मस्तकी धरल्या. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातून शरण झालेल्या मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला आणि त्यापायी दोन्ही पित्यांना बिज्जलाच्या राज्यात देहदंड भोगावा लागला, अशी परंपरा आहे. ढोर समाजाचे कक्कय्या हेही शरणांपैकीच. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. वहाण शिवणाऱ्याला समाजात बरोबरीचे स्थान द्यावे काय, हा प्रश्न या मातीत तेव्हाच विचारला गेला होता.

त्याचे व्यवहारातील उत्तर पुढील शतकांनी नकारार्थीच दिले. अनेक गावांतून दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्याने वहाण शिवायची, त्यानेच ती पायात घालायची नाही, असा हा न्याय होता. स्त्रियांची कथा निराळी असली, तरी फार दूरची नव्हती. पुरुषांना लाल पुणेरी जोडा शोभे. सुशिक्षित स्त्रीने मात्र पायात जोडा आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टवाळीला निमंत्रण देणारे होते. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) आणि काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांना ते सोसावे लागले.

इंग्रजी अमलात हाच प्रश्न उलट दिशेने पुढे आला. एतद्देशीयांनी साहेबासमोर जोडे काढून यावे, असा आग्रह सरकारने धरला. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतील असेसर माणकजी कावसजी एन्टी यांनी सेशन्स न्यायाधीशापुढे जोडे काढण्यास नकार दिला. त्यांना न्यायालयात प्रवेश नाकारला गेला आणि त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरकडे तक्रार नेली. तुम्ही देवळात आणि घरात जोडे काढता, मग येथे का नाही, हा सरकारपक्षाचा मुद्दा. त्यावर उत्तर असे की, घर आणि देऊळ वेगळे, न्यायालयासारखी सार्वजनिक जागा वेगळी. हा वाद अनेक वर्षे चालला. आमच्या मते त्याचा बोध आपल्यालाही लागू होता. जोडे काढावयास लावण्यात अपमान आहे, हे सुशिक्षित हिंदी माणसाला साहेबाच्या कचेरीत उमगले. आपल्या गावच्या वेशीत तेच चालू होते, हे त्याच्या लक्षात यायला आणखी बराच काळ जावा लागला.

कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) हा काळ थोडा अलीकडे ओढला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कारकिर्दीत चर्मोद्योगालाही उत्तेजन मिळाले. संस्थानची पेठ मोठी, रेल्वे आलेली, कुस्तीच्या आणि दरबाराच्या निमित्ताने माणसांची ये-जा सतत. आसपासच्या गावांतील माल येथे येई आणि येथून मुंबईला जाई. जी पेठ विकते, तिचे नाव मालाला चिकटते, हा व्यापाराचा नियमच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कोल्हापुरी’ हे नाव असे रूढ झाले आणि अथणी-निपाणीचा कारागीर त्या नावाच्या सावलीत गेला.

तेव्हा यात कोणाला काही वावगे वाटले नाही. अथणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यातच होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि काही वर्षे कारागीर व पेठ एकाच राज्यात नांदली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव, निपाणी, अथणी म्हैसूर राज्यात गेली. त्यानंतरची आंदोलने, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सारे आम्हा सीमावासीयांच्या जगण्याचा भाग आहे. त्याची उजळणी येथे करीत नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की, वहाणेने ही सीमा कधी मानली नाही. निपाणी-कोल्हापूर हे सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर चामडे, वाद्या आणि तयार जोड पूर्वीसारखेच कापीत राहिले.

तिच्यावर खरे संकट आले ते रबराचे. बाटा कंपनीने १९३१ साली भारतात पाऊल टाकले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत रबरी हवाई चप्पल, म्हणजे आपली स्लीपर, घरोघर पोहोचली. तिला आपण कमी लेखतो, पण तिचे सामाजिक काम मोठे आहे. ती स्वस्त, म्हणून अनवाणी माणसाच्या पायात प्रथमच काहीतरी आले. ती धुता येते आणि चामड्याची नाही, म्हणून सोवळ्याच्या घरांनीही तिला माजघरापर्यंत येऊ दिले. मोलकरीण आणि मालकीण यांच्या पायांत एकाच घाटाची वस्तू दिसू लागली. परंतु रोजच्या वापरातून चामड्याची वहाण मागे हटली आणि सणावारापुरती उरली. सत्तरच्या दशकात परदेशी तरुणांत कोल्हापुरीची हौस पसरली, तो काळ सोडला तर कारागिरांची नवी पिढी या धंद्यातून बाहेरच पडत राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अथणीच्या कारागीर स्त्रियांनी ‘टोहोल्ड’ या नावाने एकत्र येऊन स्वतःच्या नावावर माल विकावयास आरंभ केला, तो या काळातील एक धीराचा प्रयत्न. पुढे २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि कच्च्या चामड्याची टंचाई वाढली.

२०१९ साली ‘कोल्हापुरी चप्पल’ला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ ही दोघे तिचे संयुक्त हक्कदार. काही मंडळींनी यावर नाराजी दर्शविली : कोल्हापूरचे नाव, त्यात कर्नाटकाचा वाटा कसा? आमचे सीमेविषयीचे मत सर्वांना ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. तरीही या प्रश्नावर आम्ही अथणीच्या कारागिराच्या बाजूने आहोत. नाव पेठेने दिले असेल, हात त्याचे होते. त्याला वाटा नाकारला, तर आपला दावा मातीवर आहे की माणसांवर, असा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.

जून २०२५ मध्ये मिलान येथे ‘प्राडा’ या इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे दिसली आणि मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. देशभर संताप उसळला. कंपनीने नंतर ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार केला. तो संताप रास्तच होता. मात्र वर्तमानपत्र वाचताना आम्हांला राहून राहून ते पावलांचे कागद आठवत होते. त्यांवर गिऱ्हाइकाचे नाव असे, माप असे, पसंती-नापसंती असे. करणाऱ्याच्या नावाला तेथेही जागा नव्हती, आणि ते कागद इटलीहून आलेले नव्हते.

अलीकडे महाराष्ट्राच्या महामंडळाने वहाणेवर एक सांकेतिक चौकोन छापावयास सुरुवात केली आहे. मोबाइल त्यावर धरला की कारागिराचे किंवा बचतगटाचे नाव, जिल्हा आणि घडविण्याची पद्धत समोर येते. पुढच्या वेळी आपल्याकडून इंदूरला किंवा बडोद्याला जोड पाठवाल, तेव्हा ते नाव पत्रात आवर्जून लिहावे, एवढीच वाचकांस विनंती.