पाणी कुणी सोडले?

10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लँगचा ‘मेट्रोपोलिस’ पहिल्यांदा पडद्यावर आला. त्याच्या दहाच दिवस आधी, 31 डिसेंबर 1926 ला, धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक जुळवताना त्या तारखा माझा पिच्छा सोडत नव्हत्या. कागद कुणाचा, कुणाच्या दप्तरात सापडला, मधले पान कुणी काढले, हे विचारल्याशिवाय राजवाडे पुढे जात नसत. चित्रपटातले राजकारण वाचायलाही हीच खोड लागते.

आधी शब्दाचे बघू. ‘डिस्टोपिया’ला प्रतिशब्द हवा म्हणून आपण लगेच संस्कृतच्या दारात जातो आणि ‘दुःस्वप्नलोक’ घेऊन परततो. आजीच्या गोष्टीतली अंधेर नगरी जवळची वाटते खरी, पण ती इथे पुरत नाही. तिथला राजा मूर्ख असतो आणि कारभाराला ताळतंत्र नसतो. डिस्टोपियात सगळे वेळेवर चालते. दिवे लागतात, पाळ्या बदलतात, नोंदवह्या भरतात, आणि राजा भलताच हुशार असतो. माणसे भरडली जातात ती गोंधळाने नव्हे, शिस्तीने. म्हणून या पुस्तकात डिस्टोपिया हाच शब्द ठेवला आहे.

‘मेट्रोपोलिस’चे नगर असेच आहे. वर उंच इमारती आणि बागा, खाली यंत्रे, त्याहून खाली कामगारांची वस्ती. भिंतीवर दहा तासांच्या पाळीचे घड्याळ. एका झुंडीने बाहेर पडणारे आणि दुसऱ्या झुंडीने आत जाणारे कामगार, सगळ्यांच्या माना खाली. चित्रपट आला तेव्हा साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, आणि त्याच गावात प्रताप मिल होती. अमळनेर, धुळे, जळगाव या तिन्ही गावांना गिरणी ठाऊक होती. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या घरांना लँगचे हे दृश्य परदेशी वाटले नसते. आज जळगावात खानदेश मिलच्या जागेवर खरेदीचे संकुल उभे आहे. वरची बाग खालच्या यंत्रावर अशीही येऊन बसते.

चित्रपटाचा उघड संदेश असा, की डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी. शेवटी मालकाचा मुलगा मालक आणि कामगार यांचे हात एकमेकांच्या हातात देतो. ऐकायला गोड आहे. पण घड्याळ, पाळी आणि वेतन यांपैकी काय बदलले, याबद्दल पडदा अवाक्षर काढत नाही. झीगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने 1947 साली या गोडव्यातच पुढच्या हुकूमशाहीची चाहूल दाखवली. खुद्द लँगलाही हा शेवट पुढे पटेनासा झाला. हृदयाची महती गाणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला. गुरुजींनी 1938 साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले आणि गिरणी कामगारांत काम केले. त्यांचे हृदय मधोमध उभे राहिले नाही, एका बाजूला जाऊन उभे राहिले. एवढा एक फरक विद्यार्थ्याच्या मनात ठसला, तर या पुस्तकाचा अर्धा अभ्यास झाला.

हा शेवट लिहिला तेआ फॉन हार्बोउने. ती लँगची तेव्हाची पत्नी. त्यांचा घटस्फोट 1933 मध्ये झाला. पुढे ती नाझी पक्षाची सदस्य झाली आणि त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिली. तिचे पुढचे प्रेम मात्र बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. अयी गणपत तेंडुलकर हे बर्लिनमध्ये शिकणारे मराठी पत्रकार. (विजय नव्हेत, आणि सचिन तर नव्हेतच.) दोघांनी गुपचूप लग्न केले. त्या राजवटीत सावळ्या भारतीयाशी उघड संसार थाटणे तिला परवडणारे नव्हते. त्यांची कहाणी तेंडुलकरांच्या नंतरच्या विवाहातील कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी पुस्तकरूपाने सांगितली आहे. लेखकाचे चरित्र आणि कलाकृतीचा संदेश एका ओळीत बसवायची आपल्याला घाई असते. ती घाई या बाईपाशी अडखळते, आणि ते बरेच आहे.

आता पाठभेद. पोथीत असतात तसे चित्रपटातही असतात. पहिल्या खेळांनंतर ‘मेट्रोपोलिस’ला कात्री लागली. अमेरिकेसाठी तर कथाच फिरवली गेली. कित्येक दशके लोकांनी जो चित्रपट पाहिला आणि ज्यावर वाद घातले, तो मूळ चित्रपट नव्हताच. 2008 साली ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, ओरखडे पडलेली. 2010 मध्ये तिच्या आधारे नवी प्रत दाखवली गेली. तेव्हा ‘या चित्रपटाचे म्हणणे काय’ असे विचारणाऱ्याला माझा पहिला उलट प्रश्न असतो: कोणत्या प्रतीचे?

दुसरा प्रश्न या प्रस्तावनेच्या माथ्यावर आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धात कामगार मुख्य यंत्र मोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी घुसते. मुले आत अडकलेली असतात. वरवर पाहता दोष झुंडीचा. पण त्यांना चिथावणारी यंत्रमानवी मालकाच्या सांगण्यावरून धाडलेली असते आणि यंत्रापर्यंतचे दारही मालकाच्या हुकमाने उघडलेले असते. त्याला बळ वापरायला निमित्त हवे होते. हा हुकूम काही क्षणांत येऊन जातो, पूर मात्र पडदाभर पसरतो. चित्रपटातले राजकारण बहुधा अशा क्षणांतच दडलेले असते.

इथे खानदेशी वाचकाला मणिबेली आठवेल. अक्कलकुवा तालुक्यातले हे नर्मदाकाठचे गाव धरणाविरुद्धच्या लढ्याच्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावे आली, आणि मणिबेली त्यांत अगदी पुढे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’त (1995) हा लढा दिसतो. तो माहितीपट आहे, भविष्यकथा नाही. पण ‘मेट्रोपोलिस’च्या लगेच नंतर तो पाहिला, की शहरवासीयाला भविष्यातली वाटणारी आपत्ती सातपुड्यातल्या माणसाच्या सातबाऱ्यावर केव्हाच येऊन गेलेली असते, हे कळते. ‘लैला’ (2019) या मालिकेतली पाण्याची टंचाई आणि वस्त्यांमधल्या भिंती मुंबईच्या प्रेक्षकाला इशारा वाटतात. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला त्यात नवीन काय दिसणार?

मराठी चित्रपट या प्रांतात फारसा शिरलेला नाही. नंदा खरे यांची ‘उद्या’ कादंबरी शिरली. ‘सामना’ (1974) हा चित्रपट डिस्टोपिया नाही, तरी मारुती कांबळे हे नाव पुनःपुन्हा घेणाऱ्या मास्तराकडून प्रश्न विचारायची चिकाटी शिकता येते. आणि धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावरच्या मालेगावला विसरू नये. तिथल्या हौशी मंडळींनी यंत्रमागांच्या गावात स्वतःचा ‘सुपरमॅन’ घडवला. त्यावरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट (2008) बघताना हसू येते, पण हसताहसता मागांच्या खडखडाटाकडेही कान द्यावा. शुक्रवारी माग थांबतात तेव्हाच तिथला कामगार सिनेमाला मोकळा असतो. लँगचे घड्याळ तिथे अजून भिंतीवर आहे.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. मात्र वाचण्याआधी ‘मेट्रोपोलिस’ची 2010 ची प्रत पाहून घ्यावी. अडीच तास लागतात. जमल्यास दोनदा पाहावी, आणि दुसऱ्यांदा पूर येईल तेव्हा पाण्याकडे न बघता दाराकडे बघावे.