आयर्लंडांतील कॅथोलिक व प्रॉटेस्टंट वस्ती

आयर्लंडच्या उत्तरेस प्रॉटेस्टंट व इतरत्र कॅथोलिक अशी जी ढोबळ वाटणी सांगतात, तिचें मूळ पहिल्या जेम्स राजाच्या अल्स्टर-वसाहतीच्या योजनेंत आहे, असें सामान्यतः समजलें जातें. सन १६०७ मध्यें ओनील व ओडॉनेल हे सरदार देश सोडून गेले, त्यांचा मुलूख सरकारजमा झाला, आणि १६०९ पासून आर्मा, टिरोन, फर्मॅना, कोलरेन, कॅव्हन व डॉनेगॉल या सहा परगण्यांत इंग्रज व स्कॉच रयत वसविण्याचें ठरलें. हा क्रम खरा. परंतु एवढ्यावरून वस्तीचा नकाशा सिद्ध होत नाहीं, असें आमचें मत आहे.

कारण अँट्रिम व डाऊन हे परगणे या योजनेंत नव्हतेच, आणि प्रॉटेस्टंट वस्ती दाट झाली ती तेथें. डाऊनमध्यें हॅमिल्टन व माँटगोमेरी या स्कॉच गृहस्थांनीं १६०६ पासून स्वतःच्या हिमतीवर रयत आणली. उत्तर अँट्रिमचा धनी रँडल मॅक्डॉनेल तर स्वतः कॅथोलिक. तरी आपल्या सखल मुलखांत त्यानें प्रॉटेस्टंट स्कॉच कुळें वसविलीं! खंडापुढें धर्म मागें पडला, दुसरें काय? त्याच्याच जहागिरींतील ग्लेन्स नांवाचीं डोंगरी खोरीं मात्र कॅथोलिक राहिलीं, तीं आजतागायत.

उलट, योजनेंतील परगण्यांत मोठ्या जमीनदारांनीं मूळच्या आयरिश कुळांस उठवावें अशी अट होती. पण नवी रयत पुरेशी येईना, व जुनी अधिक खंड देण्यास राजी. तेव्हां ती जागेवरच राहिली. निकोलस पिनर याच्या १६१८-१९ च्या पाहणींत हें स्पष्ट दिसतें, आणि १६२८ मध्यें चौथाई जमिनीवर तिला राहूं देण्यास सरकारनेंच मान्यता दिली. आर्मा व डाऊनपॅट्रिक या गांवांतील आयरिश, इंग्लिश व स्कॉच या नांवांचे रस्ते या शेजाराची साक्ष अद्याप देतात. असा कसदार पुरावा सनदांत मिळावयाचा नाहीं.

याचा परिणाम पुढें फार दूरवर पोंचला. १९११ च्या शिरगणतींत टिरोन व फर्मॅना या परगण्यांत कॅथोलिकांचें थोडें मताधिक्य होतें, तरी १९२१ च्या फाळणींत दोन्ही परगणे उत्तर आयर्लंडांत राहिले. त्याच उत्तर आयर्लंडांत २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें कॅथोलिक घराण्यांतील लोक शेंकडा ४५.७ व प्रॉटेस्टंट घराण्यांतील ४३.५ आहेत.

मधल्या काळासाठीं उत्तम साधन म्हणजे १७६६ च्या याद्या. आयरिश उमराव-सभेच्या हुकुमावरून सरकारमान्य चर्चच्या पाद्र्यांनीं आपापल्या हद्दींतील दोन्ही पंथांचीं कुटुंबें मोजलीं. कोणी नांवनिशीवार लिहिलें, कोणी नुसते आंकडे पाठविले. बहुतेक मूळ कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्स येथील सरकारी दप्तरखान्यांत होते, आणि ३० जून १९२२ रोजीं यादवींतील स्फोटांत तें दप्तर जळालें. टेनिसन ग्रोव्ज नामक संशोधकानें त्यांपैकीं कित्येक यादींच्या नकला आधींच उतरून ठेविल्या होत्या. अल्स्टरच्या अनेक गांवांपुरतें आज जें काय हातीं आहे, तें त्या नकलांतच आहे.